तिसऱ्या बक्षिसाचं टेनिस

पहिलं बक्षीस इरकल साडी होतं, दुसरं मिक्सर आणि तिसरं टेनिस.

शेळगीतल्या मंगल कार्यालयात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. निवडणुकीचे दिवस, त्यामुळं उभं राहू पाहणाऱ्या एकानं बायकोला पुढं करून तो सगळा घाट घातला होता. दाक्षायणी गेली ती मिक्सरवर डोळा ठेवून. घरच्या मिक्सरचं भांडं बुडातून गळायला लागलं होतं आणि चटणीचा लसूण वाटला की रोज ओटा पुसत बसावं लागत होतं. चिठ्ठ्या निघाल्या. साडी कुणा नव्या सुनेला गेली. मिक्सर मागच्या गल्लीतल्या सावित्रम्माला गेला, जिच्या घरी आधीच दोन मिक्सर होते. मग माइकवरच्या बाईंनी तिसरी चिठ्ठी उघडली आणि दाक्षायणी विरेश बगले हे नाव वाचलं. बक्षीस काय, ते वाचताना त्या मध्येच अडखळल्या. तिशीच्या पुढच्या महिलांना तीन महिने टेनिसचं मोफत शिक्षण.

कार्यालयात हशा पिकला. सावित्रम्मा मिक्सरचं खोकं मांडीवर धरून म्हणाली, "अक्का, आता आखूड स्कर्ट घालून पळायचं बघ तुला."

दाक्षायणीही हसली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, अंगानं भरलेली, जन्मात कधी पळालेली नाही. लहानपणी चार बहिणींत थोरली, त्यामुळं खेळायच्या वयात कडेवर कुणी ना कुणी असायचंच. लग्न होऊन आली ती थेट चुलीपुढं. सासूच्या हाताखाली कडक भाकरी थापायला शिकली, सासू गेल्यावर तोच धंदा तिनं पुढं चालवला. पापडासारख्या पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या तिच्या भाकरी स्टँडजवळच्या दोन दुकानांत जायच्या, पुण्या-मुंबईकडं जाणारे लोक तिथून न्यायचे. तिनं ते बक्षिसाचं कार्ड पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलं.

कार्ड बाहेर काढलं ते नवऱ्यानं. विरेश अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग अडला की दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी वाटलं, कामाचा शीण. मग स्क्रू सुटायला लागले हातातून, मग चहाचा कप. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि हेही सांगितलं की गोळ्यांनी दुखणं जरा दमादमानं वाढेल, थांबणार नाही. तेव्हापासून तो घरी. आवाज खोल गेला होता, चाल आखडली होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा हलायचा थांबला होता. हसला तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. खांदे हलले की समजायचं, हसतोय.

"जा की," कार्ड हातात थरथरवत तो म्हणाला.

"आन् तुमाला चहा कोण द्यायचं सकाळी?"

"तासाभरानं दिला तर काय मरत न्हाई मी. आपल्यात कुणी कधी काय फुकट शिकलंय का?"

त्याला ती घराबाहेर पडायला हवी होती की त्याला स्वतःला तासभर एकटं राहायचं होतं, हे तिला तेव्हा कळलं नाही. पुढंही कधी तिनं विचारलं नाही.

कोर्ट विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत होतं. सिमेंटचं, जागोजागी तडे गेलेलं, भोवती गंजकी जाळी. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातला. शिकवणारा आसिफ तिशीतला, सडपातळ, कधीकाळी राज्य पातळीवर खेळलेला. त्याला ती सगळ्यांसारखं सर म्हणायला गेली की तो खाली बघायचा. तो तिला अक्का म्हणायचा.

पहिल्या दिवशी सात बायका होत्या. दाक्षायणी पंजाबी ड्रेस आणि नवे पांढरे बूट घालून आली होती. बूट आयुष्यात पहिल्यांदाच. आदल्या दिवशी ते घालून तिनं घरात फेऱ्या मारून बघितल्या होत्या, पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटले होते. आसिफनं प्रत्येकीच्या हातात रॅकेट दिली आणि सांगितलं, कुणाशी हात मिळवतो तशी धरायची. मग एकेकीला पुढं बोलावून तो हातानं हळूच चेंडू टाकायचा. टप्पा पडला की मारायचा, एवढंच.

एवढंच, पण ते काही जमेना. पहिला चेंडू रॅकेटच्या खालून गेला. दुसरा वरून. तिसऱ्याला रॅकेट लागली आणि चेंडू सरळ आभाळात जाऊन जाळीपलीकडं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडला. कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजायला लागला.

"अक्का, मनगट घट्ट," आसिफ म्हणाला. "मारताना मनगट वळवू नका."

"वळवलं न्हाई मी."

"वळलं. परत बघा."

परत तसंच. चेंडू रॅकेटवर यायच्या ऐन क्षणाला तिचं मनगट आपोआप फिरायचं, तळवा वर व्हायचा, रॅकेटचं तोंड आभाळाकडं. तिला आधी उमगेना. मग घरी परातीपुढं बसली, पिठाचा गोळा थापायला घेतला आणि हात बघतच राहिली. एक थाप, की मनगट किंचित वळायचं, भाकरी गोल फिरायची. थाप आणि वळण, थाप आणि वळण. तीस वर्षं हात तेच करत आला होता. त्याला वेगळं काही सांगायचं म्हणजे कुणाला सांगायचं, तेच तिला कळेना.

पुढच्या खेपेला तिनं आसिफला हे सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, "कळलं ना आता कारण? मग सुटंल." तिलाही वाटलं, कारण सापडलं म्हणजे निम्मं काम झालं. पण कारण कळून हाताला काही फरक पडला नाही. आसिफनं मनगटाला क्रेप बँडेज बांधून बघितलं, रॅकेट आखूड धरायला लावून बघितली, चेंडूशिवाय नुसताच हात फिरवायला लावला. चेंडूशिवाय छान जमायचं. चेंडू आला की भाकरी.

सातांच्या पाच झाल्या, मग चार. एकीची सासू आजारी पडली, एकीला नवऱ्यानं नको म्हटलं, एक नुसतीच यायची थांबली. दाक्षायणीचेही दिवस बुडायचे, कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांआड आणि तेही नेमकं कधी ते कुणाला ठाऊक नसायचं. सकाळी पाणी सुटलं की टेनिस गेलं. बॅरल, घागरी, टाकी भरून होईपर्यंत ऊन अंगणात आलेलं असायचं, आणि मग तिला चुटपुट लागायची. ही चुटपुट तिची तिलाच नवी होती. जे येत नाही, त्याला जायचं चुकलं म्हणून वाईट वाटायचं.

राहिलेल्यांत सबिहा होती. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका, चाळिशीची, उंच, चष्मा दोरीनं बांधून खेळायची. तिला खेळ पहिल्या आठवड्यातच जमायला लागला. का आणि कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. रमजान लागला तरी ती आली. पहाटे सहरी करून निघायची, तासभर खेळायची आणि बाकीच्या पाणी पीत असताना सावलीत भिंतीला टेकून बसायची. दाक्षायणी मग तिच्यासमोर पाणी प्यायची नाही. पाठ करून प्यायची.

"प्या हो अक्का," सबिहा म्हणायची. "तुम्ही प्यालात म्हणून माझा रोजा थोडाच तुटतो."

दोघींचं जमलं. सबिहा जोडीला म्हणून समोर उभी राहायची, आणि दाक्षायणीनं कसाही, कुठंही मारलेला चेंडू पळत जाऊन परत आणायची. एकदा दम खात बसल्या असताना तिनं सरळ विचारलं, "अक्का, रागावू नका. मला थोडं थोडं येतंय म्हणून मी येते. तुम्ही कशाला येता?"

दाक्षायणीनं बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग म्हणाली, "घरात काय बी केलं तर ते त्यांच्या अंगावर येतंय. गोळी उशिरा दिली, हात जडावला. जेवताना घाई केली, ठसका लागला. जरा चुकले की त्यांना भोगायला लागतंय. हितं किती बी चुकले तर काय होतंय? चेंडूच जातोय भाईर."

सबिहानं चष्मा पुसला आणि पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही.

फेब्रुवारी सरता सरता एक गोष्ट घडली. आसिफ नेहमीसारखा चेंडू टाकत होता, बाकीच्या आपापसांत बोलत होत्या. एक चेंडू आला, दाक्षायणीनं हात फिरवला, आणि हाताला काही लागलंच नाही. म्हणजे हुकला असं वाटलं. पण आवाज आला, नेहमीचा थडथड नाही, एक भरीव, मोकळा आवाज. चेंडू नेटवरून हातभर उंचीनं गेला, पलीकडच्या कोपऱ्यात रेषेच्या आत पडला आणि सरपटत मागच्या जाळीला जाऊन भिडला.

आसिफ वळून त्या चेंडूकडं बघत राहिला.

"काय केलं अक्का तुमी?"

"माहीत न्हाई."

"तेच करा."

त्या दिवशी पुढचे सगळे चेंडू नेटमध्ये गेले. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाताना रिक्षात ती उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती, जणू त्यात काही आहे आणि ते सांडेल. खांद्यापासून बोटांपर्यंत अंग हलकं झालं होतं. एवढं सोपं असतं हे, असं तिला राहून राहून वाटत होतं. जोर लावायचा नसतो, काही करायचंच नसतं, ते आपोआप होतं. विरेशला तिनं तीन तीनदा सांगितलं. त्यानंही तीनदा ऐकून घेतलं.

"आवाज कसा आला?" त्यानं विचारलं. जॉबरचा कान होता त्याचा, आवाजावरून मागाचा बिघाड ओळखायचा.

तिनं टाळी वाजवून दाखवली, पण तसा नव्हता. टाळूला जीभ लावून दाखवली, तसाही नव्हता.

तिला वाटलं होतं, आता सुरुवात झाली. पुढच्या वेळी दोन लागतील, मग चार. पण तो फटका परत आला नाही. मार्च आला, ऊन तापायला लागलं, सकाळी आठलाच सिमेंट बुटातून पोळायचं. ती अधिक वेळ थांबायला लागली. पाय कुठं होते, खांदा कसा होता, श्वास घेतला होता की सोडला होता, सगळं आठवून आठवून करून बघायची. आणि जितकं आठवायची तितकं बिघडायचं. आधी निदान चेंडू आभाळात तरी जायचा, आता तोही जाईना. आसिफला दिसत होतं. तो म्हणायचा, "इसरून जावा अक्का तो शॉट." तो विसरायचा कसा, हे मात्र त्याला शिकवता येत नव्हतं.

एका संध्याकाळी विरेश म्हणाला, "गच्चीवर चल. मी टाकतो बॉल."

जुने दोन चेंडू आसिफनं तिला दिले होते, रॅकेट तर तिच्याकडंच असायची. जिना चढायला विरेशला फार वेळ लागला. पायरीवर पाय अडायचा, आणि मग तो तिथंच जमिनीला खिळल्यासारखा उभा राहायचा. वर पोचल्यावर त्यानं कठड्याला पाठ टेकली आणि चेंडू टाकला. थरथरत्या हातातून तो भलतीकडंच सुटला. दाक्षायणी पळाली, गाठला नाही. दुसरा तिच्या पायाशीच पडला. तिसरा डोक्यावरून. एक चेंडू तिच्या रॅकेटला लागला तो थेट शेजारच्या उघड्या टाकीत गेला आणि पाण्याचा डुबुक असा आवाज आला. दोघं एकमेकांकडं बघत उभी राहिली. विरेशचा चेहरा दगडासारखा होता. खांदे मात्र गदगदून हलत होते, आणि ते थांबेनात, म्हणून तिलाही हसू आवरेना. शेजारची बाई गच्चीवर येऊन विचारायला लागली, काय झालं, कोण पडलं का. दाक्षायणी ओढणी तोंडात धरून खाली बसली.

असं दोन-तीनदा झालं. मग एकदा टाकताना त्याचा तोल गेला. पडला नाही, कठडा धरला, पण दोघंही घाबरली. पुन्हा गच्चीवर जायचं त्यानंही काढलं नाही आणि तिनंही.

एप्रिलमध्ये तिचा कोपर दुखायला लागला. सुरुवातीला रॅकेट धरताना, मग पाण्याची बादली उचलताना, मग भाकरी थापताना. थाप मारली की कोपरापासून बोटांपर्यंत कळ जायची. ऑर्डरी हुकायला लागल्या. दुकानदारानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा दुसरीकडून माल घेतला. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि विचारलं, काय काम करता. तिनं सांगितलं. टेनिसचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

"या दुखण्याचं नावच टेनिस एल्बो आहे," ते म्हणाले. "पण तुमचं टेनिसनं आलंय की भाकरीनं, सांगता यायचं नाही. दोन्ही बंद करा महिनाभर."

टेनिस एल्बो हे नाव ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं. खेळ आला नाही, दुखणं तरी आलं. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. दोन्ही बंद करणं तिला परवडणारं नव्हतं. गल्लीतल्या सिद्धम्माला तिनं थापायला हाताशी घेतलं, आणि स्वतः भाजायला बसली. सिद्धम्माचा हात जड होता. भाकरी जाड व्हायच्या, कडा फाटायच्या. दाक्षायणी बघायची आणि भाजत राहायची. कुणी कितीही सांगितलं तरी हात ऐकत नसतो, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं.

कोपराला पट्टा बांधून ती कोर्टावर मात्र जात राहिली.

तीन महिने संपले त्या दिवशी आसिफनं तिला बाजूला बोलावलं. चेंडूंची पिशवी पायानं ढकलत म्हणाला, "अक्का, खरं बोलू का?"

"बोला की."

"मला येत होतं ते सगळं मी करून बघितलं. तुमचं मनगट सुटंना. तुमी आळशी न्हाई, ध्यान देता, सगळ्यांत जास्त येता. तरी पण मला वाटतंय, हे असंच ऱ्हाईल."

तिनं मान हलवली. हे तिला अनपेक्षित नव्हतं. डॉक्टरही असंच म्हणाले होते, विरेशच्या बाबतीत. तेव्हा तिला कुणाचा तरी राग आला होता. आसिफचा आला नाही. हे सांगताना त्याचाच चेहरा उतरला होता.

"मग येऊ का नको?" तिनं विचारलं.

"या की. फी नको. कोर्ट मोकळंच असतंय."

पण कोर्टही मोकळं राहणार नव्हतं. सोसायटीनं ती जागा बॉक्स क्रिकेटसाठी द्यायचं ठरवलं होतं. खाली हिरवं गवत अंथरणार, वर जाळी, रात्रीचे दिवे. टेनिसला चार बायका येतात, क्रिकेटला रांग लागेल, हा हिशेब कुणालाही कळण्यासारखा होता. त्यातच सबिहाच्या बदलीचा आदेश आला. करमाळा तालुक्यात, जेऊरच्या पुढची शाळा. रोज जाऊन येऊन करण्यासारखी नव्हे, तिथं खोली घेऊन राहावं लागणार होतं.

जायच्या आधी सबिहा म्हणाली, "अक्का, आपण एक सेट खेळू. खरा, पॉइंट मोजून."

मे महिन्याची सकाळ, सूर्य वर यायच्या आत त्या उभ्या राहिल्या. आसिफ खुर्चीवर बसून गुण सांगत होता. सबिहानं मुद्दाम हळू खेळावं असं काही केलं नाही, आणि दाक्षायणीला ते आवडलं. पहिले चार गेम बघता बघता गेले. पाचव्यात काय झालं कुणास ठाऊक, सबिहाचे दोन चेंडू बाहेर गेले, एक दाक्षायणीचा नेटच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडं टपकन पडला. आसिफ म्हणाला, "चाळीस-चाळीस." सबिहानं चष्मा सारखा केला. दाक्षायणीनं तळवा ओढणीला पुसला. आता सलग दोन गुण मिळाले असते तर एक गेम तिचा झाला असता. एक गेम, बस. सर्व्हिस तिची होती. तिनं चेंडू वर टाकला, मारला, नेटमध्ये. दुसरा टाकला, तोही नेटमध्ये, गुण गेला. पुढचा गुण सबिहानं कोपऱ्यात मारला. तिथं पोचायचं बळ दाक्षायणीच्या पायांत नव्हतं.

सहावा गेमही गेला. सहा-शून्य. दोघी नेटपाशी आल्या. सबिहानं हात पुढं केला, मग तो सोडून तिला मिठीच मारली. घामानं दोघींचे कपडे चिकटले होते.

"चाळीसपर्यंत आला होतात तुम्ही," सबिहा म्हणाली.

"व्हय," दाक्षायणी म्हणाली. "आले होते."

जूनच्या सुरुवातीला ती रॅकेट परत द्यायला गेली. कोर्टाच्या एका बाजूला गवताच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या. नेट काढलं होतं, खांबही उपटले होते. आसिफ चेंडू पोत्यात भरत होता. त्याला पुण्याच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा मिळाली होती, पुढच्या आठवड्यात जाणार होता. तिनं अभिनंदन केलं. तो म्हणाला, रॅकेट ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ती नको म्हणाली.

"मग शेवटचे चार बॉल तरी मारून जावा. मी टाकतो."

"नेट कुटंय?"

"नसलं म्हणून काय झालं. तुमाला तर सोपंच जाईल."

तिनं कोर्टाकडं बघितलं. मधली जागा मोकळी, दोन्ही बाजू एक झालेल्या. तिथं कसाही मारलेला चेंडू पलीकडं गेला असता.

"नेट नाही तर काय खेळायचं," ती म्हणाली, आणि रॅकेट पोत्यावर ठेवून निघाली. आसिफ फाटकापर्यंत सोडायला आला. रस्त्याला लागल्यावर तिला रडू आलं. टेनिससाठी की आणखी कशासाठी, ते तिनं शोधलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत ते थांबलंही होतं.

पावसाळ्यात विरेशचं पाय अडणं वाढलं. खाटेवरून उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि न्हाणीच्या उंबऱ्यापाशी खिळून राहायचा. मेंदू पाऊल उचल म्हणून सांगतोय आणि पाय ऐकत नाही. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक उपाय सांगितला. खाटेपासून न्हाणीपर्यंत फरशीवर पावलाच्या अंतरानं पांढऱ्या चिकटपट्ट्या लावा. रेष दिसली की ती ओलांडायला पाय आपसूक उचलतो, का ते कुणालाही नीट सांगता येत नाही. दाक्षायणीनं गुडघ्यावर बसून पट्ट्या लावल्या. विरेश पहिल्या पट्टीपाशी थबकला आणि पाय उचलला गेला. दुसऱ्या, तिसऱ्या. ती त्याच्यापुढं उलटं चालत होती, हात धरण्यासाठी पुढं केलेले, पण धरायची गरज पडली नाही.

एका पट्टीवर त्याचा अंगठा बरोबर मध्ये पडला. तो थांबला, खाली बघितलं.

"भाईर का?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की तिला वाकावं लागलं.

"रेषेवर पडलं तर आतच धरतात," ती म्हणाली.

तो पुढचं पाऊल टाकून न्हाणीपर्यंत गेला.

दोन महिने पट्ट्या चालल्या. मग तो त्यांच्याकडं नुसता बघत उभा राहायला लागला. बाईंनी सांगितलं, कुणाकुणाला पुढं उपयोग होत नाही. आता ती त्याला काखेत हात घालून उठवते. कोपर दुखतो, पण उजव्याऐवजी डावा खांदा लावायची सवय तिनं करून घेतली आहे. भाकरीचा धंदा निम्म्यावर आला आहे, तो सिद्धम्माच्या हातावर चालतो, आणि भाकरी जाडच होतात. सबिहाचा अधूनमधून फोन येतो. शाळेच्या मागच्या भिंतीवर ती एकटीच चेंडू मारते म्हणे, गिलावा पडला म्हणून मुख्याध्यापक ओरडले. एका रविवारी या अक्का, गाडीनं, म्हणते. दाक्षायणी येते म्हणते. कोणत्या रविवारी ते सबिहा विचारत नाही.

दिवाळीची साफसफाई करताना पट्ट्यांच्या कडा उचललेल्या दिसल्या. फरशी पुसताना फडकं त्यांत अडकायचं, म्हणून तिनं एका सकाळी उलथन्यानं त्या सगळ्या खरवडून काढल्या. खालचा डिंक मात्र निघाला नाही. रॉकेल लावलं, गरम पाणी ओतलं, तरी चिकट, मळकट डाग राहिलेच. विरेश खाटेवरून बघत होता. तिनं घासणं सोडून दिलं, हात धुतले आणि त्याची गोळी द्यायची वेळ झाली होती, ती दिली.